मुनीर मास्तरांचे हकीमसाहेब

मुनीर मास्तर गेल्याची बातमी आमच्या अणदूरला एस.टी.च्या कंडक्टरनं आणली. धाराशिवहून येणारी सकाळची गाडी फाट्यावर थांबली होती आणि मी दूध संस्थेचे कॅन टेम्पोत चढवून घेत होतो. कंडक्टर खिडकीतून अर्धा बाहेर वाकला आणि म्हणाला, “सचिवसाहेब, तुमचे भूगोलाचे मास्तर गेले. आज पहाटं, लेकीच्या घरी.” एवढं सांगून त्यानं बेल मारली आणि गाडी नळदुर्गकडं निघून गेली. मी हातातला कॅन खाली ठेवला... आणि कितीतरी वेळ तो उचलायचा राहूनच गेला.

दुपारपर्यंत गावात मास्तरांच्या जाण्याची तीन कारणं येऊन पोहोचली. कुणी म्हणालं, थंड पाण्यानं अंघोळ केली म्हणून. कुणी म्हणालं, डोळ्याचं ऑपरेशन मानवलं नाही. एकानं तर खात्रीनं सांगितलं की गाव सोडून धाराशिवला राहायला गेले तेव्हाच हे ठरलं होतं. मास्तर असते तर ही तिन्ही कारणं समोर मांडून संध्याकाळपर्यंत उलटीसुलटी करत बसले असते. मी निघायच्या तयारीत होतो, तेवढ्यात संस्थेचे चेअरमन शिवलिंगप्पा आले. त्यांना सगळं गाव अण्णा म्हणतं. डोक्याचा रुमाल काढून त्यांनी मांडीवर ठेवला आणि हळूच म्हणाले, “त्यांच्या त्या बुखाऱ्याच्या हकीमसायबांना कळवलं का कुणी? आन् काझीसायबांना? लांबनं यायचं म्हणल्यावर माती उद्यावर ठिवावी लागंल.”

मी म्हणालो, “अण्णा, हकीमसाहेबांना जाऊन साडेनऊशे वर्षं झाली.”

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. “आन् काझी?”

“त्यांनाही आठशे होत आली.”

“मास्तर बोलले न्हाईत कधी,” अण्णा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात खरोखरच दोन माणसं गेल्याचं दुःख होतं.

अण्णांची यात काही चूक नव्हती. मास्तर या माणसांविषयी बोलायचेच तसे, जणू कालच तुळजापूरच्या स्टँडवर भेट झाली होती. मास्तर तरुणपणी हैदराबादेत शिकले. अरबी, फारसी, उर्दू आणि त्या भाषांमधलं जुनं तत्त्वज्ञान. निजामाचं राज्य गेलं, शाळा मराठी झाल्या, आणि हा माणूस एका पत्र्याच्या ट्रंकेत पुस्तकं भरून आमच्या गावात भूगोलाचा शिक्षक म्हणून आला. अरबीतली नावं आमच्या जिभेवर बसायची नाहीत, म्हणून त्यांनीच सोपी करून दिली. बुखाऱ्याकडचा एक मोठा वैद्य होता, खऱ्या नावात ‘सीना’ असलेला, तो हकीमसाहेब. बगदादला शिकवणारा एक तिखट विद्वान होता, तो इमामसाहेब. त्यानं हकीमसाहेबांच्या मताची पार चिरफाड केली. आणि स्पेनमध्ये एक न्यायाधीश होता, तो काझीसाहेब. तो जवळजवळ शंभर वर्षांनी उठला आणि इमामसाहेबांना उत्तर देऊन बसला. हे भांडण मास्तरांच्या घरी रोज चालू असायचं, आणि मास्तर काहीही म्हणाले तरी त्यांची बायको उलट बोलायची. वर्गात भीमेच्या उपनद्या शिकवता शिकवता ते कधी बुखाऱ्याला जाऊन पोहोचायचे ते त्यांनाही कळायचं नाही. आमची अख्खी बॅच परीक्षेत सीना नदी बुखाऱ्याजवळ उगम पावते असं लिहून आली होती.

मी त्यांचा विद्यार्थी, आणि पुढं आमच्या बौद्ध वस्तीतला पहिला बी.ए. कॉलेजात तत्त्वज्ञान हा विषय मी निव्वळ मास्तरांमुळं घेतला. पहिल्या सुट्टीत घरी आलो तेव्हा त्यांनी मला ओट्यावर बसवून घेतलं आणि तुमचे बुद्ध काय म्हणतात ते सांग म्हणाले. मी जमेल तसं सांगितलं की कारणाशिवाय काही घडत नाही; हे असलं तर ते होतं, हे थांबलं की तेही थांबतं. मास्तर खूश झाले. “मग तू काझीसाहेबांच्या पार्टीचा,” म्हणाले. “मीपण.” आतून त्यांच्या बायकोनं, रजियाचाचीनं, विचारलं की दोघं एकाच पार्टीचे आहात तर चूल पेटायला उशीर का होतोय, लाकडं कोण फोडणार? आम्ही दोघं उठून लाकडं फोडायला गेलो.

बहात्तरच्या दुष्काळात शाळेजवळची सार्वजनिक विहीर आटली. गावानं ती आणखी खोल करायला घेतली. सुट्टीत मीही तिथं दगड वाहत होतो. दोराला लाकडी फळी बांधायची, त्यावर माणूस बसवायचा आणि वरून सहा जणांनी दोर धरून त्याला खाली सोडायचा, असा प्रकार होता. दोर धरणाऱ्यांत सगळ्यांत पुढं केरबा. अंगानं दांडगा, बोलायला कमी. एक दिवस मास्तर आले आणि खडकाचे थर बघायला मला खाली सोडा म्हणून हट्ट धरून बसले. भूगोलाचा माणूस, नाही कसं म्हणायचं? सोडलं. निम्म्यात गेल्यावर खालून हुकूम आला, “थांबा.” थांबवलं. मग काहीच आवाज नाही. वाकून बघितलं तर मास्तरांनी डोळे मिटलेले, हात दोन्हीकडं पसरलेले, पाय हवेत लांब केलेले. आणि चपला निसटून खाली पडलेल्या. लोकांचा धीर सुटला. विहिरीत वाईट हवा असते हे सगळ्यांना माहीत होतं. केरबानं वरून हाक दिली, “मास्तर, हाय का न्हाय?” उत्तर नाही. पुन्हा हाक दिली. बऱ्याच वेळानं अगदी शांत आवाज आला, “आहे.”

भराभरा वर ओढलं. मास्तरांचा चेहरा उजळलेला. फळीवरून उतरायच्या आधीच ते सांगायला लागले की हकीमसाहेबांनी एक कल्पना मांडली आहे : समजा, एक माणूस हवेत तरंगतोय, डोळ्यांना काही दिसत नाही, हातापायांना काही लागत नाही, स्वतःचं अंगसुद्धा त्याला जाणवत नाही, तरी ‘मी आहे’ एवढं त्याला कळेलच. म्हणजे आत्मा शरीराहून निराळा. “तीस वर्षं वाचत होतो,” मास्तर म्हणाले, “आज करून बघितलं. हातात काही नव्हतं, पायाखाली काही नव्हतं, तरी मी होतो.”

केरबा तळहात चोळत उभा होता. दोरानं सालटी निघाली होती. तो म्हणाला, “तुमी व्हता हे आमाला बी ठावं व्हतं, मास्तर. दोर आमच्या हातात व्हता.”

सगळे हसले. मास्तर हसले नाहीत. ते केरबाच्या तळहातांकडं बघत राहिले आणि अनवाणीच घरी गेले. आठ दिवसांनी मला रस्त्यात गाठून म्हणाले, “सुदाम, हकीमसाहेबांनी सगळ्याचा विचार केला... पण दोर धरणाऱ्यांचा राहिला रे.”

पुढं गावात सहकारी दूध संस्था निघाली आणि मी तिचा सचिव झालो. मास्तर तोवर निवृत्त होऊन एक म्हैस बाळगून होते. एका सकाळी त्यांच्या दुधात मी लॅक्टोमीटर सोडला, तर तो बुडी मारावी तसा खाली गेला. शिक्षकाच्या दुधात पाणी! मी लॅक्टोमीटर लपवायला गेलो; पण मास्तरांना हुरूप आला. वस्तूचं वस्तूपण वेगळं आणि तिचं प्रत्यक्ष असणं वेगळं, असं हकीमसाहेबांचं म्हणणं होतं. तेव्हा या भांड्यात जे आहे त्यात दूधपण कितपत शिल्लक आहे, असा प्रश्न त्यांनी रांगेतल्या लोकांना घातला. रांग वेशीपर्यंत गेली. लोक आपापल्या किटल्या पायाशी ठेवून ऐकत होते, काहींनी तर बाजू घ्यायलाही सुरुवात केली. शेवटी चाची स्वतः आल्या. म्हणाल्या, “काल पाव्हणे आले, च्यात दूध गेलं, मी पाणी घातलं. आता म्हशीला वैरण टाकायला चला.” मास्तरांनी माझ्याकडून वहीत ‘नापास’ लिहून घेतलं, त्याखाली स्वतःची सही केली आणि गेले. चाची पुढं महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

पण मास्तरांची खरी परीक्षा झाली ती ऐंशीनंतरच्या दुष्काळात. पावसानं लागोपाठ दगा दिला होता आणि जनावरांचे हाल चालले होते. संस्थेनं सभासदांच्या जनावरांसाठी कडबा आणून शाळेमागं दोन गंज्या रचल्या आणि राखणीला केरबाला नेमलं. एका दुपारी त्यातली एक गंजी पेटली. विझवायला पाणी कुठलं? बायामाणसांनी पाट्यांनी माती टाकली, दुसरी गंजी वाचवली. पण पहिलीची राख झाली. माणसं राखेतनं न जळलेल्या काड्या वेचत होती. केरबानं बिडी ओढली असणार असं जो तो म्हणायला लागला. ते कागदावर आलं असतं तर त्याचं काम गेलं असतं आणि पोलिसांत तक्रार झाली असती. घरी बायको आणि तीन मुली.

त्याच दिवशी संध्याकाळी मास्तर माझ्याकडं आले. ते दुपारी शाळेच्या मागच्या व्हरांड्यात वाचत बसले होते. म्हणाले, “मी पाहिलं. केरबानं बिडी पेटवली. गंजीपासून दहा पावलांवर.” मी म्हणालो, मास्तर, काही दिसलं नाही म्हणा, कुणी विचारणार नाही. ते म्हणाले, दिसलं ते दिसलं. मास्तरांना खोटं बोलता येत नाही हे दूधवाल्या वहीपासून मला ठाऊक होतं. ते उठून गेले आणि मला केरबाच्या मुली डोळ्यांसमोर दिसायला लागल्या.

दोन दिवसांनी संस्थेच्या ऑफिसात चौकशी बसली. अण्णा, पाच संचालक, कोपऱ्यात मान खाली घालून केरबा, आणि टिपण घ्यायला मी. मास्तर ठेवणीतली शेरवानी घालून आले, हातात एक जाडजूड अरबी पुस्तक. अण्णांनी विचारलं, बिडी पाहिली का? मास्तर म्हणाले, पाहिली. पेटलेली? पेटलेली. आग पाहिली? पाहिली, लई मोठी. अण्णांनी सुस्कारा सोडला. “म्हणजे बिडीनं आग लागली.”

“ते नाही पाहिलं,” मास्तर म्हणाले.

“आता मधी काय ऱ्हायलं, मास्तर?”

“तेच मी विचारतोय. बिडी आधी, आग नंतर, एवढं शपथेवर सांगतो. पण ‘नंतर’ म्हणजे ‘मुळं’ नव्हे, अण्णा.”

आणि मग त्यांनी इमामसाहेबांना सभेपुढं हजर केलं. इमामसाहेब म्हणतात की कापसाजवळ विस्तव आणला की कापूस जळतो, हे आपण बघतो. पण विस्तवच जाळतो हे कुणीही बघितलेलं नाही. दोन गोष्टी शेजारी शेजारी घडतात आणि पुन्हा पुन्हा बघून आपल्या डोळ्यांना सवय लागते, इतकंच. जाळणारा देव. एका संचालकानं सांगितलं की माझ्या मेव्हण्याचा कापूस विस्तवानंच जळाला, मी तिथं होतो. मास्तरांनी त्याला विचारलं, तुम्ही गोठ्यात गेलात की म्हैस पान्हा सोडते ना? सोडते. मग दूध तुमच्यामुळं येतं का? संचालक विचारात पडला, कारण इतके दिवस त्याला तसंच वाटत होतं. दुसऱ्यानं विचारलं की कोंबडं आरवलं की दिवस उगवतो ते कशात धरायचं? दीड तास झाला. खंडोबाचे भक्त असलेले एक संचालक शेवटी घाबरून म्हणाले, “म्हंजी कडबा देवानंच जाळला म्हनता?” मास्तर म्हणाले, इमामसाहेबांचं म्हणणं तसंच आहे. अण्णांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि अगदी सरळ आवाजात मला विचारलं, “सचिव, मग नोटीस देवाच्या नावानं काढायची का?”

शेवटी ठराव झाला : आगीचे कारण सभेस समजू शकले नाही. माझ्या आयुष्यात मी लिहिलेला इतका खरा ठराव दुसरा नाही. दीड तासात सभेस खरोखरच काहीही समजलं नव्हतं.

केरबा सुटला. मी आनंदानं मास्तरांना गाठायला बाहेर आलो, तर ते लिंबाखाली पुस्तक मांडीवर घेऊन बसले होते, चेहरा उतरलेला. म्हणाले, “मी खोटं बोललो नाही, सुदाम. पण ते माझं खरं नव्हतं. चाळीस वर्षं मी काझीसाहेबांच्या बाजूनं भांडलो. विस्तव जाळतो. कारण नाकारलं तर ज्ञानच उरत नाही, हे मीच तुला शिकवलं. आणि आज मी त्यांना सोडून पलीकडं जाऊन बसलो.” मी विचारलं, मग का बसलात? लिंबाची पानं पुस्तकावर पडत होती, ती उचलून बाजूला ठेवत राहिले. मग म्हणाले, “केरबाचं काम गेलं तर त्याच्या पोरी उपाशी राहणार. ते ‘मुळं’ मला अगदी स्वच्छ दिसत होतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर बैलगाडी घेऊन केरबाच्या दारात. चल, एवढंच म्हणाले. दोघं उसाच्या पट्ट्यात गेले. आठ दिवस गावोगाव फिरून त्यांनी जनावरांसाठी उसाचं वाढं, म्हणजे तोडलेल्या उसाचे हिरवे शेंडे, मागून आणलं. गाडी भरली की एखाद्या गाववाल्याच्या हाती इकडं धाडायची आणि पुढच्या गावाला चालत जायचं. मागायचं काम मास्तरांचं. ते बांधावर उभे राहून शेतकऱ्यांना काय सांगत होते देव जाणे. पण लोक वाढं देत होते. केरबा म्हणतो, काही जण मास्तर थांबावेत म्हणून देत होते. जळालेल्या गंजीइतकं नाही झालं, पण जनावरं तगली. केरबानंच मला नंतर सांगितलं की त्या आठ दिवसांत मास्तरांनी एकदाही बिडीचा विषय काढला नाही. चौथ्या दिवशी त्यालाच राहवलं नाही. तो म्हणाला, मास्तर, बिडी माझीच व्हती, म्या नीट इझवली न्हाय. मास्तर म्हणाले, मला माहीत आहे. मग मीटिंगीत तसं का बोललासा, असं केरबानं विचारलं. मास्तर म्हणाले, “तिथं ते कारण विचारत होते. मी तुला कारण विचारत नाही. वाढं भर.” केरबानं त्या दिवसापासून बिडीला हात लावलेला नाही.

माती देऊन परत येताना एस.टी.त अण्णा माझ्या शेजारी बसले होते. तुळजापूरच्या पुढं ते अचानक म्हणाले, “मला काय कळत नव्हतं व्हय, बिडीनं कडबा जळतो ते? शेण्या कशानं पेटतात हे जन्मापास्नं बघतोय. पर कागदावर आलं असतं, तर मला त्याला हाकलावंच लागलं असतं. मास्तरांनी वाट काढून दिली.” मग म्हणाले, “लई लांबची काढली, एवढंच.”

चाळीसाव्याला मी आणि केरबा पुन्हा धाराशिवला गेलो. लेकीच्या घरात मास्तरांची बाहेरची खोली तशीच होती. खिडकीजवळची आरामखुर्ची, भिंतीलगत पुस्तकं, आणि खुर्चीसमोर चाचींचा पितळी पान-डबा ठेवलेलं स्टूल. जेवणं झाल्यावर चाची त्या स्टुलाशेजारी येऊन बसल्या. मला वाटलं होतं, त्या रडतील. त्या म्हणाल्या, घर लई गप झालंय. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, की चाची, तुम्ही तर मास्तरांच्या एकूण एक मताच्या विरुद्ध होतात. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

“विरुद्ध कशाची?” त्या म्हणाल्या. “ते हकीमसाहेबाचं बोलले की मी इमामसाहेबाचं बोलायची. ते इमामसाहेबाकडं गेले की मी काझीसाहेब व्हायची. हो म्हटलं असतं तर दोन मिनिटात गप झाले असते. हैदराबादेत त्यांच्याभोवती पंधरा-पंधरा जणं बसायची वाद घालायला. इथं अणदुरात कोण होतं? म्हणून मीच शिकले... त्यांच्याच तोंडून ऐकून.”

चाळीस वर्षं त्या माणसाचं सारं भांडण या बाईनं एकटीनं पेललं होतं, आणि आम्ही समजत होतो की चाचींना लाकडांची आणि वैरणीची काळजी. केरबा उंबऱ्यात बसून ऐकत होता. तो नुसता हात जोडून बसला.

मग चाचींनी मला खुर्चीत बसायला सांगितलं. मी नको म्हणालो, तर त्या म्हणाल्या, बस, आणि काहीतरी बोल. मी घाबरत घाबरत बसलो आणि बोललो. आधी आपलं सहज, मग जरा जोरात, कारण चाची एकही मुद्दा सोडत नव्हत्या. माझं बी.ए. त्यांनी अर्ध्या तासात धुळीला मिळवलं. केरबानं दोनदा खुणावलं की अणदूरची शेवटची गाडी पाचला आहे. मी हातानंच थांब म्हटलं. घड्याळाकडं लक्ष गेलं तेव्हा सव्वापाच होऊन गेले होते. मी उठलो, खजील होऊन म्हणालो की चाची, तुमच्या बोलण्यामुळं आमची एस.टी. चुकली.

चाचींनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं, पदर सारखा केला आणि मला पुन्हा खुर्ची दाखवली.

“मी बोलत होते, आणि एस.टी. गेली,” त्या म्हणाल्या. “‘मुळं’ कुठं पाहिलंस तू?”